ब्लॅक अँड व्हाईट प्रिंटला हिरवी झाक का येते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात घरी फोटो प्रिंट करण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये बरेचसे प्रश्न ब्लॅक अँड व्हाईटचेच निघाले. ते साहजिकच आहे, कारण कलर फोटोत निळा जरा इकडे लाल जरा तिकडे झाला तर चालून जातं, पण ग्रे रंगाच्या बाबतीत आपला डोळा फार कडक असतो, किंचित हिरवं किंवा गुलाबी आलं की लगेच खटकतं. म्हणून या वेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय.

प्रश्न: नमस्कार सर. माझ्याकडे सहा रंगांचा इंकटँक प्रिंटर आहे. कलर प्रिंट मस्त येतात पण ब्लॅक अँड व्हाईट सकाळी खिडकीपाशी धरला की हिरवट दिसतो आणि रात्री हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली तोच प्रिंट गुलाबीसर. दुकानदार म्हणतो हेड गेलंय, बदला. काय करू? (पुणे)

उत्तर: हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, बदलायची घाई करू नका. तुम्ही जे लिहिलंय, एकच प्रिंट उन्हात एक आणि दिव्याखाली दुसरा, त्यावरूनच कळतं की मामला शाईच्या मिश्रणाचा आहे. सहा रंगांच्या अशा बहुतेक प्रिंटरमध्ये काळी, सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी, फिकी सायन आणि फिकी मॅजेंटा अशा शाया असतात, ग्रे शाई एकही नाही. मग ढगातला फिका ग्रे किंवा चेहऱ्यावरचा मधला ग्रे प्रिंटरने आणायचा कुठून, तर सायन, मॅजेंटा आणि पिवळा एकमेकांत मिसळून. नुसत्या काळ्याचे ठिपके विरळ टाकले तर उजळ भाग दाणेदार दिसतात म्हणून कंपन्यांनी हा रस्ता धरला, आणि कलर फोटोसाठी तो बरोबरच आहे.

आता या तीन शायांपैकी प्रत्येक जण उजेडातला वेगवेगळा भाग खातो. उन्हात निळा भाग भरपूर असतो, जुन्या फिलामेंटच्या बल्बमध्ये निळा कमी आणि लाल खूप, आणि एलईडीचं तर विचारूच नका, कंपनीगणिक वेगळं. एका उजेडात तिघांचा तोल बरोबर साधून ग्रे दिसतो आणि उजेड बदलला की तोच तोल ढळतो, कागदावरची शाई तीच असते पण डोळ्याला रंग वेगळा येतो. प्रिंटिंगवाले याला मेटामेरिझम म्हणतात. काळ्या पिगमेंट शाईत (बारीक घन कणांच्या शाईत) मात्र कार्बन असतो, म्हणजे आपल्या काजळीच्याच जातीचा, आणि तो सगळ्या रंगांचा उजेड जवळपास सारखाच खातो, त्यामुळे खिडकीत असो की दिव्याखाली, तो फारसा बदलत नाही. म्हणजे प्रिंटमधला ग्रे जितका काळ्या-करड्या शाईतून येईल आणि जितका कमी रंगीत शायांतून येईल तितकी ही भानगड कमी. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

तुमच्याकडे आत्ता जो प्रिंटर आहे त्यावर हे करून बघा. आधी नोझल चेक, म्हणजे हेडमधली शाईची बारीक छिद्रं (नोझल) उघडी आहेत का हे दाखवणारा नमुना, काढा आणि तो चांगल्या उजेडात, शक्यतो भिंग घेऊन बघा, कारण फिक्या मॅजेंटाच्या आणि पिवळ्याच्या तुटलेल्या रेघा पांढऱ्या कागदावर पटकन दिसतच नाहीत. फिक्या मॅजेंटाची थोडी नोझल बंद असली तरी ग्रे लगेच हिरव्याकडे झुकतो आणि कलर फोटोत मात्र कोणाला कळतही नाही. तसं निघालं तर एक हेड क्लीनिंग, मग परत चेक, उगाच लागोपाठ क्लीनिंग मारत बसू नका, शाई जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारं वेस्ट पॅड भरतं.

नोझल ठीक असतील तर सेटिंग बघा. फोटोशॉपमध्ये प्रोफाईल (त्या प्रिंटर आणि पेपरसाठीची रंगदुरुस्तीची फाईल) लावलंय आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही कलर करेक्शन चालूच आहे, असं फार जणांचं होतं, म्हणजे एकच दुरुस्ती दोनदा होते आणि सगळा प्रिंट एका रंगाकडे जातो, बहुतेक वेळा मॅजेंटाकडे. दोघांपैकी एकालाच काम द्या. आणि ड्रायव्हरमध्ये ग्रेस्केलवर टिक केलं की फक्त काळी शाई वापरली जाते असं खूप लोक धरून चालतात, पण फोटो पेपर निवडलेला असला की बऱ्याच प्रिंटरमध्ये तेव्हाही रंगीत शाया मिसळूनच ग्रे बनतो.

यानंतर एक पट्टी छापा, शुद्ध काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत दहा दहा टक्क्यांच्या पायरीने चौकोन, एका ओळीत. रात्रभर वाळू द्या, ओल्या प्रिंटवर रंगाचा निर्णय घ्यायचाच नाही. मग ती पट्टी खिडकीत बघा, ट्यूबखाली बघा, पिवळ्या दिव्याखाली बघा. सगळेच चौकोन सारखेच हिरवट असतील तर बहुधा सेटिंगचा घोळ आहे किंवा एखादी शाई कमी पडतेय. काळ्याजवळचे ठीक आणि मधलेच हिरवट असतील तर ते मिश्रण आहे, तिथे त्या पेपरसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्रावर स्वतंत्र प्रोफाईल करून घेतलं तर खूप फरक पडतो. तरीही दोन उजेडांतला फरक पूर्ण जाणार नाही, कारण शाया त्याच आहेत. मग फोटो ज्या भिंतीवर लागणार आहे त्या भिंतीच्या उजेडात तो न्यूट्रल, म्हणजे कुठल्याच रंगाकडे न झुकलेला, दिसेल एवढं बघायचं.

प्रश्न: लग्नाचे ब्लॅक अँड व्हाईट अल्बम आणि मोठ्या फ्रेम करून द्यायचा विचार आहे. तीन काळ्यांचा प्रिंटर घ्या असं सगळे सांगतात, नेमकं काय वेगळं असतं आणि पैसे घालण्यासारखं आहे का? (कोल्हापूर)

उत्तर: काम नियमित मिळणार असेल तर हो, घाला. वरचं उत्तर वाचलंत तर कारण कळेल. काळ्याच्या जोडीला ग्रे आणि फिका ग्रे अशा शाया आल्या की उजळ भागसुद्धा कार्बनवाल्या शाईनेच भरता येतो, रंगीत शाई चवीपुरती लागते. एचपीने २००३ च्या फोटोस्मार्ट ७९६० मध्ये वेगळी ग्रे कार्ट्रिज दिली होती, पण पिगमेंटमध्ये खरी कलाटणी २००५ ला मिळाली, तेव्हा एप्सनने के३ शाया आणल्या, आर२४०० पासून मोठ्या ९८०० पर्यंत, काळी, फिकी काळी आणि त्याहून फिकी काळी. त्याबरोबरच ड्रायव्हरमध्ये अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाईट मोड आला, ज्याला सगळे एबीडब्ल्यू म्हणतात.

इथे एक गोष्ट समजून घ्या. कार्बन काळा असला तरी तो विरळ पसरला की थोडा तपकिरी दिसतो, म्हणजे नुसत्या ग्रे शायांनी काढलेला प्रिंट आपोआप उबदार येतो. तो न्यूट्रल करायला ड्रायव्हर थोडी फिकी सायन आणि फिकी मॅजेंटा घालतो, कूल, म्हणजे निळसर, हवा असेल तर आणखी थोडी, आणि वॉर्म किंवा सेपिया निवडलं की मिश्रण पिवळ्या-लाल बाजूला नेतो. म्हणजे ‘न्यूट्रल’ हीसुद्धा एक टोनिंगच आहे, ती कागदाप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे हलते, हे डोक्यात ठेवलंत की पुढचे अर्धे गोंधळ होत नाहीत.

अलीकडच्या मॉडेलमध्ये एप्सन पी७०० आणि पी९०० आहेत, दहा शाया, आणि मॅट काळी व फोटो काळी दोघींना स्वतंत्र नोझल, त्यामुळे पेपर बदलला की शाई बदलायची कटकट आणि नासाडी नाही. कॅननचा प्रो-३०० दहा शायांचा, त्यात ग्रे एकच, आणि प्रो-१००० बारा शायांचा, त्यात ग्रे आणि फोटो ग्रे दोन्ही. एवढं बजेट नसेल तर इंकटँकमध्ये एप्सन एल८१८० मध्ये एक ग्रे शाई आहे, ती एकच असली तरी बिनग्रे प्रिंटरपेक्षा परिस्थिती कितीतरी बरी. तुमच्या कामाला मी ए३ प्लसपर्यंतचा पिगमेंट प्रिंटर घ्या म्हणेन, कारण लग्नाची फ्रेम लोक तीस वर्षं भिंतीवर ठेवतात.

एबीडब्ल्यू वापरताना फोटोशॉपमध्ये ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ ठेवायचं. आणि टोनचं सेटिंग मुळात ‘डार्कर’वर असतं, त्यावरच सुरुवात करा, फोटो काळवंडले असं वाटलं तर एक पायरी हलकं करा.

प्रश्न: वॉर्म टोन की कूल टोन, कुठल्या फोटोला काय शोभतं याचा काही नियम आहे का? मी मुख्यतः सह्याद्रीतलं लँडस्केप करतो. (नाशिक)

उत्तर: नियम नाही, पण परंपरा आहे आणि ती माहीत असलेली बरी. डार्करूममध्ये हा निर्णय पेपर आणि केमिकलने व्हायचा. क्लोरोब्रोमाईड पेपर उबदार, ब्रोमाईड थंड, त्यावर सेलेनियम टोनर केला की सावल्या खोल व्हायच्या आणि पेपर वॉर्म असेल तर जांभळट तपकिरीकडे जायच्या, गोल्ड टोनरने निळसर, आणि सल्फाईड सेपियाने तपकिरी, ज्याचा सडक्या अंड्यासारखा वास ज्यांनी घेतलाय ते विसरणार नाहीत. हे सगळे रंग फार हलके असायचे. चांगला सेलेनियम टोन केलेला प्रिंट एकटा बघितला तर तो नुसता ‘सुंदर काळा’ वाटतो, साध्या प्रिंटशेजारी ठेवल्यावरच रंग कळतो.

इंकजेटवर मात्र लोक स्लायडर मिळाला म्हणून ओढत सुटतात. ड्रायव्हरमधला तयार सेपिया मला बिलकुल आवडत नाही, सगळ्या छटांवर एकच तपकिरी थापला जातो आणि फोटो लग्नपत्रिकेसारखा दिसायला लागतो. लॅब व्हॅल्यू (रंग आकड्यांत मोजायची पद्धत, ए हिरवा ते लाल, बी निळा ते पिवळा) समजत असतील तर सांगतो, ए आणि बी दोन्ही शून्य म्हणजे न्यूट्रल, वॉर्मसाठी बी दोन-तीनपर्यंत, ए एखादा, यापुढे गेलात की बघणारा आधी रंग बघतो आणि मग फोटो.

सह्याद्रीचं म्हणाल तर पावसाळ्यातलं धुकं, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, ओला बेसाल्ट, याला किंचित कूल टोन फार छान बसतो, कातळ ओला वाटतो. पण धुक्याच्या उजळ भागात निळं घालू नका, तिथे कागदाचा पांढराच बोलू द्या. उन्हाळ्यातला तोच डोंगर, वाळलेलं गवत, तिथे मी वॉर्मकडे जाईन. सावल्या वॉर्म आणि हायलाईट न्यूट्रल असा स्प्लिट टोन हवा असेल तर तो लाईटरूम या सॉफ्टवेअरच्या कलर ग्रेडिंगमध्ये करा आणि नेहमीच्या कलर मोडमध्ये पेपरचं प्रोफाईल लावून छापा. एबीडब्ल्यूला अशी फाईल दिलीत तर तो आधी सगळे रंग काढून टाकतो आणि ड्रायव्हरमधला टोन लावतो, मग लोक म्हणतात माझा टोन गेला कुठे.

प्रश्न: आमच्या छोट्या गेस्ट हाऊसमध्ये मी काढलेले ब्लॅक अँड व्हाईट फोटो फ्रेम करून लावलेत. दोन पावसाळ्यांत काही पिवळट झाले, काही चक्क तांबूस. कपाटात ठेवलेले जादा प्रिंट मात्र ठणठणीत. (म्हापसा, गोवा)

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत. पिवळट झालेत तो बहुधा कागद आहे. खूप पांढरेशुभ्र दिसणारे फोटो पेपर त्यात घातलेल्या ब्राइटनरमुळे तसे दिसतात, ही रसायनं उजेडातला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट भाग घेऊन निळा उजेड परत टाकतात. उजेडात वर्षानुवर्षं राहिलं की त्यांची ताकद जाते आणि खालचा मूळ मलईसारखा कागद दिसायला लागतो. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये कागद हाच तुमचा पांढरा रंग, तो हलला की सगळा टोन हलला. ओळखायला सोपं आहे, नोटा तपासायचा निळा यूव्ही टॉर्च घ्या आणि अंधारात कोऱ्या कागदावर मारा. कागद झगझगीत निळा पेटला तर ब्राइटनर भरपूर आहेत, मंद जांभळट राहिला तर नाहीत किंवा नाममात्र. अल्ट्राव्हायोलेट अडवणारी काच लावली तर ब्राइटनर जास्त टिकतात, पण त्या काचेमागे ते पेटतही नाहीत, म्हणजे फोटो पहिल्या दिवसापासूनच जरा उबदार दिसतो. त्यापेक्षा पहिल्यापासूनच ब्राइटनर नसलेला कॉटन रॅग (कापसाच्या तंतूंचा) पेपर घ्यावा, कॅन्सनचा प्लॅटिन फायबर रॅग तसा आहे. आणि त्याच्या पांढऱ्याची डोळ्याला सवय करावी.

तांबूस झालेत ते बहुधा डाय शाईचे, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईचे, आहेत. हवेतला ओझोन चटकन वाळणाऱ्या सच्छिद्र फोटो पेपरच्या आत शिरतो आणि सायन डायला सगळ्यात आधी खातो. ग्रे तीन रंगांचा बनलेला, त्यातला सायन गेला की उरलं काय, तांबूस-नारिंगी. कपाटातल्यांना ना उजेड लागला ना वारा, म्हणून ते टिकले. पुढच्या वेळी पिगमेंट शाई वापरा, काचेआड ठेवा, पण प्रिंट काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट बोर्डची चौकट हवीच. तुमच्याकडच्या दमट हवेत काचेला टेकलेला प्रिंट चिकटतो आणि बुरशीही तिथूनच सुरू होते. फ्रेमवाल्याला मागचा बोर्ड अॅसिड-फ्री घालायला सांगा, तो साधं पुठ्ठं घालायला बघतो.

प्रश्न: ग्लॉसी पेपरवरचा प्रिंट तिरका धरला की काळ्या भागावर तांब्यासारखी चमक येते. शाई खराब आहे का? (सोलापूर)

उत्तर: नाही. त्याला ब्राँझिंग म्हणतात, पिगमेंटचे कण ग्लॉसी पेपरच्या वर बसतात आणि तिरक्या उजेडात वेगळा रंग परावर्तित करतात. कॅननच्या प्रो मॉडेलमध्ये क्रोमा ऑप्टिमायझर नावाची पारदर्शक शाई त्यासाठीच आहे. नाहीतर बरायटा (जुन्या डार्करूम पेपरच्या धाटणीचा पेपर) किंवा मॅटकडे वळा, मॅटवर ही भानगडच नाही. फक्त मॅटचा काळा तेवढा खोल नसतो, चांगल्या मॅटवर घनता (काळेपणाचं माप, आकडा मोठा तितका काळा खोल) १.६-१.७ च्या आसपास मिळते, चकचकीत बरायटावर २.२ च्या पुढे जाते. काचेआड गेल्यावर ब्राँझिंग बरंचसं कमी दिसतं.

प्रश्न: सगळ्या रंगीत शाया काढून फक्त ग्रे शाया भरता येतात असं ऐकलं. खरं का? (मुंबई)

उत्तर: खरं. अमेरिकेत व्हर्मांटमध्ये जॉन कोन यांनी पिझोग्राफी नावाच्या शाया याच कामासाठी काढल्या, वेगवेगळ्या गडदपणाच्या ग्रे शाया सगळ्या खाचांत भरायच्या. सोबत रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर वापरतात, त्यात वॉर्म आणि कूल अशा दोन कर्व्ह मिसळून हवा तो टोन मिळतो. छटांची जी सलगता मिळते ती बघण्यासारखी असते. पण तो प्रिंटर मग कायमचा ब्लॅक अँड व्हाईटचा, वॉरंटी गेली, आणि आठवड्यातून एकदा तरी चालवला नाही तर हेड चोक होतं. महिन्याला चार प्रिंट काढणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. क्वाडटोन रिप मात्र बऱ्याच एप्सन प्रिंटरवर कंपनीच्याच शायांनीही चालतं, तिथून सुरुवात करा.

प्रश्न: पणजोबांचा स्टुडिओत काढलेला जुना तपकिरी फोटो आहे. स्कॅन करून भावंडांसाठी प्रती करायच्यात, पण आम्ही काढतो तो प्रिंट एकतर राखाडी येतो नाहीतर चॉकलेटी. (रत्नागिरी)

उत्तर: हा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, असे फोटो वाचलेच पाहिजेत. पहिली गोष्ट, स्कॅन कलरमध्येच करा, १६ बिट टिफ, ग्रेस्केलमध्ये केलात की मूळ टोनची माहिती कायमची गेली.

मग फोटो नीट निरखा. एकोणिसाव्या शतकातला असेल, म्हणजे त्या वेळचे नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळातला, तर तो बहुधा अल्ब्युमेन प्रिंट आहे, अंड्याच्या पांढऱ्यात चांदीचे क्षार, वर गोल्ड टोनिंग, पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. त्याच्या सावल्या जांभळट तपकिरी असतात आणि उजळ भाग वयाने पिवळे पडलेले. त्यानंतरचा असेल तर बहुधा जिलेटिन सिल्व्हर, त्यात तपकिरी रंग सेपिया टोनिंगचा असू शकतो किंवा नुसता जुनाटपणाचा, आणि काळ्या भागांवर तिरक्या उजेडात निळसर आरशासारखा थर दिसतो, ती वर आलेली चांदी. स्कॅनरमध्ये हा थर निळ्या डागांसारखा उतरतो, तो रंग टोन म्हणून धरू नका.

तुमचा प्रिंट चॉकलेटी येतो कारण तुम्ही सगळीकडे एकच तपकिरी लावताय. मूळ फोटोत सावलीचा तपकिरी वेगळा, मधल्या छटांचा वेगळा आणि पागोट्याच्या पांढऱ्याचा पिवळा आणखी वेगळा असतो. स्कॅनमध्ये या तीन ठिकाणी आयड्रॉपर लावून लॅब आकडे लिहून घ्या, आणि कर्व्हमध्ये प्रत्येक जागा आपापल्या रंगाकडे न्या. छापताना कलर मोड, पेपरचं प्रोफाईल, आणि पेपर ब्राइटनर नसलेला मॅट रॅग, कारण त्याचा उबदार पांढरा मूळ कागदाच्या जवळ जातो, निळसर पांढऱ्या ग्लॉसीवर हा टोन कधीच बसणार नाही.

आणि घरात आधी ठरवा की फोटो आज दिसतो तसा हवाय की स्टुडिओतून घरी आला तेव्हा असेल तसा. दुसरा हवा असेल तर उजळ भागातला पिवळेपणा अर्ध्यावर आणा, पूर्ण काढू नका. एक छोटी पट्टी, चेहरा आणि पागोटं येईल एवढी, छापून वाळवा आणि मूळ फोटोशेजारी ठेवून खिडकीच्या सावलीतल्या उजेडात बघा, थेट उन्हात नाही. पट्टी पसंत पडली की सगळ्या प्रती एकाच दिवशी, एकाच पाकिटातल्या पेपरवर काढा आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने पेपरचं नाव, सेटिंग आणि पणजोबांचं नाव लिहा, नाव आधी.